किडनीतली गाठ: कापण्याआधी ओळखायला हवी

पित्ताशयातले खडे बघायला म्हणून सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये भलतीच ओळ यावी: उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३ सेंटिमीटरची भरीव गाठ. आज किडनीतल्या निम्म्याहून अधिक गाठी अशाच, दुसरे काही शोधताना सापडतात. पूर्वी तसे नव्हते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारा गोळा अशा तक्रारी घेऊन रुग्ण यायचा, तोवर गाठ बरीच वाढलेली असायची आणि ती बहुधा कॅन्सरचीच निघायची. पुढे सीटी स्कॅन आला आणि एक नियम रूढ झाला: शिरेतून दिलेले औषध शोषून स्कॅनमध्ये उजळणारी भरीव गाठ कॅन्सर समजायची आणि काढून टाकायची. मोठ्या गाठींना तो नियम बऱ्यापैकी लागू पडतो. आज सापडणाऱ्या लहान गाठींना तो तितका लागू पडत नाही, तरी अनेक ठिकाणी तोच चालू आहे.

इतर अवयवांशी ताडून पाहिले की हे विचित्र वाटते. स्तनात गाठ लागली, तोंडात चट्टा दिसला, प्रोस्टेटचा पीएसए वाढला, तर जबाबदार सर्जन आधी तुकडा तपासायला पाठवतो. पॅथॉलॉजिस्टने नाव सांगितल्याशिवाय अवयवाला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज आहे. किडनीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा आधी शस्त्रक्रिया होते आणि गाठीचे नाव आठवड्याभराने कळते. ते नाव ऑन्कोसायटोमा किंवा अँजिओमायोलिपोमा निघाले, तर घरचे लोक पेढे वाटतात, कॅन्सर नव्हता म्हणून. तो आनंद खराच असतो. पण जी गाठ जिवावर उठणारी नव्हती तिच्यापायी किडनी किंवा तिचा एक भाग का गेला, हा प्रश्न त्या आनंदात विचारायचा राहून जातो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ साली आपल्याकडच्या ३० वर्षांतल्या २,९३५ गाठींचा हिशेब मांडला. काढलेल्या गाठींपैकी जवळपास १३ टक्के कॅन्सरच्या नव्हत्या. आकारानुसार पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. ७ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठींमध्ये साध्या गाठी ६ टक्क्यांच्या आसपास होत्या, १ ते ४ सेंटिमीटरच्या गाठींमध्ये साधारण पाचात एक, आणि १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींमध्ये तब्बल ४६ टक्के. म्हणजे गाठ जितकी लहान तितकी ती निरुपद्रवी असण्याची शक्यता जास्त, आणि आजच्या सोनोग्राफी-सीटीच्या काळात लहान गाठीच जास्त सापडतात. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अंदाजानुसार शस्त्रक्रियेत काढलेल्या साध्या गाठींची संख्या २००० साली ३,१०० च्या घरात होती, ती २००९ मध्ये ५,६०० च्या वर गेली. यंत्रे सुधारली तसतशा अनावश्यक शस्त्रक्रिया कमी व्हायला हव्या होत्या. झाले उलटेच.

एका किडनीवर माणूस जगतो, दाते तर किडनी दान करूनही ठणठणीत राहतात, असे यावर सांगितले जाते. दात्याची उपमा इथे लावणे मला चुकीचे वाटते. दाता निवडताना त्याचा रक्तदाब, साखर, क्रिएटिनीन सगळे तपासून, जरा शंका आली तरी त्याला नाकारले जाते. गाठ सापडलेला रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचा असतो, त्याला रक्तदाब असतो, मधुमेह असतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरने २००६ साली ६६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांची दुसरी किडनी स्कॅनमध्ये चांगली दिसत होती आणि क्रिएटिनीन नॉर्मल होते. तरीही नीट गणित मांडल्यावर त्यांतल्या २६ टक्क्यांच्या किडन्या शस्त्रक्रियेआधीच मंदावलेल्या निघाल्या. किडनीची गाळण्याची क्षमता ६० च्या खाली न जाता ३ वर्षे टिकण्याची शक्यता, फक्त गाठ काढलेल्यांमध्ये ८० टक्के होती. पूर्ण किडनी काढलेल्यांमध्ये ती ३५ टक्क्यांवर आली. आपल्या देशात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांमध्ये मधुमेह हे सर्वांत मोठे कारण आहे. अशा देशात किडनीचा एकेक तुकडा जपायला हवा. साध्या गाठीपायी तो घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

या गाठींमधली सर्वांत फसवी म्हणजे ऑन्कोसायटोमा. झिपेल यांनी १९४२ साली जर्मनीत तिचे पहिले वर्णन केले, पण ते फारसे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. १९७६ मध्ये क्लाइन आणि व्हॅलेन्सी यांनी १३ रुग्ण मांडून दाखवले की ही गाठ दिसते कॅन्सरसारखी, वागत मात्र तशी नाही. काढलेल्या भरीव गाठींमध्ये ती साधारण ३ ते ७ टक्के आढळते. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी इतक्या गच्च भरलेल्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या गुलाबी आणि दाणेदार दिसतात. गाठ कापली तर आतून गडद तपकिरी रंग निघतो. नेहमीचा क्लिअर सेल कॅन्सर पिवळाधमक असतो, कारण त्याच्या पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन साठलेले असते. टेबलावर दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या तर नवशिक्यालाही फरक कळेल. अडचण एवढीच की हा रंग शस्त्रक्रियेनंतर दिसतो.

स्कॅनमध्ये ऑन्कोसायटोमाच्या मधोमध चांदणीसारखा व्रण दिसतो, असे पुस्तकांत असते. तो प्रत्येक गाठीत नसतो, आणि कॅन्सरमध्ये मधला भाग मेला की तिथेही तसाच आकार उमटतो. म्हणून त्या व्रणावर भिस्त ठेवता येत नाही. त्याहून मोठी पंचाईत आहे ती क्रोमोफोब कॅन्सरची. माइन्झच्या थोनेस आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्याला माणसातला वेगळा प्रकार म्हणून मांडले. त्याआधीच्या काळात दूर पसरलेल्या ऑन्कोसायटोमाचे जे तुरळक रुग्ण नोंदले गेले, त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात क्रोमोफोब असावेत, असे आज मानले जाते. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब ही जुळ्या भावंडांसारखी आहेत: दोघांचा उगम किडनीच्या संग्राहक नलिकांमधल्या एकाच जातीच्या पेशींतून मानला जातो आणि दोघेही सीडी-११७ या चाचणीला होकार देतात. पॅथॉलॉजिस्ट मग बारकावे पाहतो. केंद्रके गोल आणि नीटस आहेत की मनुकांसारखी सुरकुतलेली, त्यांच्याभोवती पांढुरकी कडा आहे का, सीके-७ चा रंग मोजक्याच पेशींनी घेतला की सगळ्यांनी, हेलच्या कोलॉइडल आयर्नने निळा रंग पसरला का. सगळी गाठ हातात असली की उत्तर बहुतेक वेळा मिळते. सुईने काढलेल्या सुतासारख्या तुकड्यावर ते देताना अनुभवी माणूसही थबकतो. क्वचित एकाच गाठीत दोन्हींची लक्षणे असतात. अशा मिश्र गाठी बर्ट-हॉग-ड्युबे या आनुवंशिक आजारात विशेष दिसतात. चेहऱ्यावर बारीक पांढऱ्या पुटकुळ्या, फुप्फुसात फुगे, घरात कुणाचे फुप्फुस अचानक बसल्याचा इतिहास आणि दोन्ही किडन्यांत गाठी, असे एकत्र दिसले तर एफएलसीएन या जनुकाची तपासणी करायला हवी. अशा माणसाची पहिलीच गाठ बघून किडनी काढणे हा अन्याय आहे, कारण त्याला आयुष्यभर आणखी गाठी येणार असतात. सर्वांत मोठी गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत थांबायचे, हा तिथला प्रचलित संकेत आहे.

अँजिओमायोलिपोमाची गोष्ट याहून सोपी. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची ही गाठ, आणि तिला पकडून देते ती चरबी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिला रुग्ण तपासला. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी ० वर आणि हवा उणे १,००० वर असते. चरबी उणे १०० च्या आसपास येते. किडनीतल्या गाठीत असा ठळक उणे आकडा सापडला की निदान बहुतांशी पक्के, सुई टोचायचीही गरज नाही. त्यासाठी औषध देण्यापूर्वीचे, पातळ कापांचे स्कॅन झालेले असायला हवे. अनेक केंद्रांवर वेळ वाचवायला ते गाळतात आणि मग हातातोंडाशी आलेले निदान निसटते. साधारण २० गाठींमागे एकीत चरबी इतकी कमी असते की ती सीटीवर दिसतच नाही. अशा वेळी एमआरआय थोडी मदत करतो, पण निर्णय बहुधा बायोप्सीवरच येतो. तिथे एचएमबी-४५ हा रंग चढला की प्रश्न मिटतो.

ही गाठ स्त्रियांमध्ये जास्त आढळते आणि कॅन्सरची नसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तिच्यातल्या रक्तवाहिन्या कमकुवत असतात. गाठ ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली, विशेषतः गरोदरपणात, तर ती फुटून पोटात मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्यावरही किडनी काढणे हा पहिला उपाय नाही. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात दोन्ही किडन्या अशा गाठींनी भरून जातात. तिथे एव्हरोलिमस हे औषध गाठी आक्रसवते, आणि अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये त्याला या कारणासाठी मान्यता दिली. एपिथेलिऑइड नावाचा एक विरळा उपप्रकार मात्र कॅन्सरसारखा पसरू शकतो, म्हणून तुकडा पाहणाऱ्याने तो शब्द रिपोर्टमध्ये लिहिला आहे का ते जरूर बघावे.

मेटानेफ्रिक ॲडिनोमा ही साधी गाठ या दोन्हींहून दुर्मीळ आहे. मध्यमवयीन बाईच्या किडनीत सापडणारी, आक्रमक नसलेली, हळू वाढणारी गाठ. काही रुग्णांत ती रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते आणि हिमोग्लोबिन कारण नसताना चढते. सूक्ष्मदर्शकाखाली ती पॅपिलरी कॅन्सरसारखी किंवा लहान मुलांच्या विल्म्स गाठीसारखी भासू शकते. २०१२ मध्ये कळले की यांतल्या साधारण ९० टक्के गाठींत बीआरएएफ जनुकात व्ही-६००-ई हा ठरावीक बदल असतो. किडनीच्या कॅन्सरमध्ये तो क्वचितच दिसतो. एका छोट्या तुकड्यावर ही चाचणी करता येते, आणि मग ज्या बाईची किडनी काढायची तारीख ठरलेली होती ती फक्त दरवर्षी सोनोग्राफीला येते. जनुकशास्त्राचा इतका सरळ फायदा फार थोड्या ठिकाणी दिसतो.

रेनिनोमाची बाजू वेगळी. ही गाठ साधी असूनही काढावीच लागते. रॉबर्टसन यांनी १९६७ मध्ये तिचे वर्णन केले. विशी-तिशीतल्या तरुणाचा रक्तदाब तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही, रक्तातले पोटॅशियम खाली गेलेले असते, रक्तदाब चढवणारे रेनिन भरमसाट वाढलेले. गाठ जेमतेम २-३ सेंटिमीटरची, कधी त्याहूनही लहान. तेवढीच कोरून काढली की रक्तदाब बहुधा उतरतो आणि किडनी शाबूत राहते. साधी गाठ म्हणजे कधीच कापायची नाही असे नाही. ती कशी वागते ते आधी माहीत असायला हवे.

आपल्याकडे आणखी एक शक्यता विसरून चालणार नाही, ती जंतुसंसर्गाची. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय किडनीतही शिरतो. जुन्या खड्यामुळे वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या संसर्गात चरबीने फुगलेल्या पेशींचा पिवळा गोळा तयार होतो, तोही स्कॅनमध्ये हुबेहूब गाठीसारखा दिसतो. ताप, वजन घटणे, लघवीत पू असूनही साध्या कल्चरमध्ये जंतू न वाढणे, अशा खुणा असतील तर लघवीची क्षयासाठी तपासणी, सीबीनॅट, हे सगळे शस्त्रक्रियेच्या तारखेआधी व्हायला हवे. कधी कधी तर गाठच नसते. किडनीच्या बाहेरच्या भागाचा एखादा खांब जन्मतःच आत जरा जाड असतो आणि सोनोग्राफीत तो गाठ म्हणून मोजला जातो. औषध देऊन केलेल्या सीटीत तो आजूबाजूच्या किडनीसारखाच उजळतो आणि संशय फिटतो.

स्कॅनची नवी तंत्रे ऑन्कोसायटोमाचा जुना पेच थोडा सैल करताहेत. हृदयाचा रक्तपुरवठा बघायला वर्षानुवर्षे वापरले जाणारे टेक्नेशियम सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य मायटोकॉन्ड्रियांत जाऊन बसते. ऑन्कोसायटोमात मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले, क्लिअर सेल कॅन्सरमध्ये मोजके, शिवाय कॅन्सरच्या पेशी अशी द्रव्ये बाहेर फेकण्यात तरबेज. जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी ५० रुग्णांवर हे करून पाहिले, तेव्हा ६ पैकी ५ ऑन्कोसायटोमा आणि दोन्ही मिश्र गाठी स्कॅनमध्ये चमकल्या. आकडे लहान आहेत, आणि काही क्रोमोफोबही चमकतात. पण कल्पना सुंदर आहे, कारण गाठीच्या पेशीत काय भरलेले आहे हेच ती विचारते. उलट्या दिशेने जाणारे दुसरे तंत्र म्हणजे झिर्कोनियम जोडलेले गिरेंटुक्सिमॅब हे प्रतिपिंड. ते क्लिअर सेल कॅन्सरच्या पृष्ठभागावरच्या सीए-९ या प्रथिनाला चिकटते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिरकॉन चाचणीत त्याने क्लिअर सेल कॅन्सर साधारण ८५ टक्के वेळा अचूक दाखवला, आणि जिथे तो नव्हता तिथे ८७ टक्के वेळा नाही म्हणाले.

तरीही माझ्या मते आज, आपल्या शहरांत, सर्वांत जास्त किडन्या वाचवू शकेल ती साधी सुई. बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्याकडे घराघरांत आहे आणि काही डॉक्टरांच्याही मनात आहे. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, पण त्या अगदी तुरळक. बाहेर एक आवरणसुई ठेवून तिच्यातूनच आतली सुई ये-जा करते, त्यामुळे वाटेतल्या पेशींना तिचा स्पर्श होत नाही. फक्त जागा बधिर करून, सोनोग्राफी किंवा सीटीत बघत, दोन-तीन तुकडे घेतले जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी बंद कराव्या लागतात. किडनीभोवती थोडे रक्त साकळणे ही नेहमीची गुंतागुंत, आणि ती बहुधा आपोआप निवळते. २०१६ मध्ये ५७ अभ्यास आणि ५,२०० हून अधिक रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा सुमारे ९२ टक्के बायोप्सींतून निश्चित उत्तर मिळाले होते आणि कॅन्सर आहे की नाही हे सांगण्यात ती क्वचितच चुकली. कॅनडात बायोप्सी नित्याची असलेल्या केंद्राची इतर केंद्रांशी तुलना झाली. तिथे शस्त्रक्रियेत काढलेल्या लहान गाठींपैकी ५ टक्के साध्या निघाल्या, इतर ठिकाणी १६ टक्के.

ऑन्कोसायटोमाचा पेच इथेही उरतोच. बायोप्सीत ऑन्कोसायटोमा म्हटल्यावरही ज्यांची शस्त्रक्रिया झाली, अशा रुग्णांच्या एका एकत्रित अभ्यासात फक्त दोन-तृतीयांश गाठी शेवटी ऑन्कोसायटोमा ठरल्या. हा आकडा दाखवून बायोप्सी निरुपयोगी ठरवणारे सर्जन आहेत. मला तो तसा वाचता येत नाही. एकतर ज्यांच्याबद्दल शंका उरली तेच जास्त करून शस्त्रक्रियेला गेले असणार. शिवाय उरलेल्यांत क्रोमोफोब आणि मिश्र गाठी बऱ्याच होत्या, आणि लहान आकाराचा क्रोमोफोब हा किडनीच्या कॅन्सरांमधला संथ चालीचा प्रकार आहे. म्हणजे चूक झाली तरी ती लक्षात यायला आणि सुधारायला वेळ मिळतो. अमेरिकेत २००९ पासून चाललेल्या डिसर्म नोंदणीत लहान गाठी असलेल्या रुग्णांनी लगेच शस्त्रक्रिया किंवा देखरेख यांतून निवड केली. ५ वर्षांच्या टप्प्यावर देखरेखीतल्या गटात किडनीच्या कॅन्सरने एकही मृत्यू नव्हता.

सगळ्यांना सुई टोचावी असे मात्र नाही. सीटीत चरबी स्पष्ट दिसली तर गरज नाही. गाठ ७-८ सेंटिमीटरची असून शिरेत शिरू पाहत असेल तर काढायचीच आहे. पाण्याने भरलेल्या गाठींत सुई फारसे सांगत नाही, तिथे १९८६ मध्ये मॉर्टन बोस्नियॅक यांनी आखलेली आणि २०१९ मध्ये सुधारलेली प्रतवारी उपयोगी पडते. किडनीच्या आतल्या लघवीच्या पिशवीतून उगवलेला कॅन्सर वाटत असेल तर बाहेरून सुई न घालता दुर्बिणीने आतून बघायचे. आणि ऐंशीच्या घरातल्या, हृदय थकलेल्या माणसाला उत्तर कळूनही उपचारात काही फरक पडणार नसेल, तर त्याला उगीच का टोचायचे? पण ज्या चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला ३ सेंटिमीटरची गाठ आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली गेली आहे, तिने "आधी तुकडा तपासता येईल का?" आणि "नसेल, तर का?" हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला युरोलॉजिस्ट या प्रश्नाचे स्वागत करतो. शेवटी शस्त्रक्रिया ठरलीच, तर पूर्ण किडनीऐवजी फक्त गाठ काढता येईल का हेही विचारावे.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यातले शब्द नीट वाचायचे. "ऑन्कोसिटिक निओप्लाझम, ऑन्कोसायटोमाची शक्यता जास्त" असे लिहिलेले असेल, तर ती पॅथॉलॉजिस्टची टाळाटाळ नव्हे, प्रामाणिकपणा आहे. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही अशा मधल्या गाठींना स्वतंत्र जागा दिलेली आहे. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात, त्या रुग्णाला मिळू शकतात, आणि मोठ्या कॅन्सर रुग्णालयातल्या किडनीचे काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. मग साधारण सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, आणि पुढे वर्षाला एक. जमल्यास त्याच केंद्रात, म्हणजे मापे ताडता येतील. ऑन्कोसायटोमाही वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर वाढतो, तेवढ्याने घाबरून जायचे नाही. वर्षाला ५ मिलिमीटरहून जास्त वाढ दिसली, गाठ ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा लघवीत रक्त आले, तर पुन्हा बसून विचार करायचा, आणि तोवर रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनीन सांभाळायचे.